रुक्मा मोठीमायले डोळे मिटून काय दिसते

"पकड ना वो अंजू, हात का भाड्यानं आणले?"

मोठीमाय गुडघाभर चिखलात उभी होती अन् माह्यावर ओरडून राहिली होती. खेकड्यानं पाटाच्या काठाले भोक पाडलं होतं. पाणी भसाभसा घनश्यामच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, घुसून राहिलं होतं. मी वरून तणसाची मूठ दिली. तिनं ते तणीस चिखलात मळलं, भोकात कोंबलं, वरून टाचेनं दाबलं.

"हा खेकडा घनश्यामनंच पाळला असन," ती म्हणे. मंग घनश्यामच्या बापापासून सुरू झाली ते त्याच्या बकरीपर्यंत आली. त्या शिव्या मी इथं लिहत नाही. मले सगळ्या पाठ आहेत, ते वेगळं.

भोक बुजलं. मोठीमाय पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढली, तलावात पाय धुतले, लुगड्याले हात पुसले, तुडुमाजवळच्या दगडावर पाय लोंबकळत सोडून बसली अन् डोळे मिटले. एवढ्या शिव्या दिल्यावर, दम खाल्ला नाही तं लगेच ध्यान.

आमच्या गावाले हेच समजे ना.

रुक्मा मोठीमाय म्हणजे माह्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. आमी कोहळी लोक, तलाव बांधाचं काम बापजाद्यापासूनचं. आमचा तलाव पुराना आहे. त्याचं पाणी कोणाच्या बांधीत पहिले जाईन, किती वेळ जाईन, हे पाहणाऱ्याले पाटकरी म्हणतात. तो तुडूम उघडते, म्हणजे तलावाचं तोंड उघडते, अन् पाणी पाटानं बांधीबांधीत फिरवते. गाव बैठक घेऊन पाटकरी निवडते. मनिराम मोठेबाबा कितीक वर्षं पाटकरी होते. मंग त्याईची कंबर गेली. काठी धरून उठणं, काठी धरून बसणं. तेव्हा मोठीमायनं फावडं उचललं. गाव म्हणालं, बाई आहे, पण चालू द्या या वर्षी, पुढं पाहू.

हे 'पुढं पाहू' तिच्या छातीत काट्यासारखं होतं. बाईमाणूस पाटकरी आमच्याकडं कोणी पाहिली नव्हती. ती मले म्हणे, "अंजू, जिंदगीभर दुसऱ्याच्या बांधीत वाकून धानाचा रोवणा केला. आता उभी राहून पाणी पाहते. हे मी सोडत नाही." मी नववीतून शाळा सोडली, काऊन का मले एका जागी बसवत नाही. म्हणून मीच तिले रोज गाडीवर पाळीवर नेऊन सोडाची. तिचं जे आहे ते माहं आहे. तिले कोणी काही बोललं का मी आधी भांडते, मंग विचारते का झालं काय.

ध्यान तिले उपकेंद्रातल्या योगेश्वरी सिस्टरनं लावलं. बीपी तपासाचं शिबिर होतं. मोठीमायचं बीपी पाहून सिस्टरनं मशीन दुसऱ्या हाताले लावली, मंग पहिल्या हाताले. म्हणे, "मावशी, गोळी तं रोज घ्याचीच आहे, ती सोडाची नाही. सोबत रोज थोडा वेळ डोळे मिटून बसत जा. श्वास येते-जाते, तो पाहाचा."

"अन् दुसरं काही मनात आलं तं?"

"येईनच. आलं का परत श्वासावर याचं."

"देवाचं नाव?"

"घेतलं तं घ्या, नाही तं नका घेऊ."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

मोठीमाय बाहेर आली अन् मले म्हणे, "एवढ्यासाठी सकाळपासून लाईनीत उभी केली माह्या बाईनं."

पण बसाले लागली. त्यातही कारण होतं. तुडूम उघडला का पाणी शेवटच्या बांधीत पोचाले बराच वेळ लागते. मधात पाटकऱ्याले काम नसते. मोठेबाबा त्या वेळात तंबाखूचा खर्रा घोटत. ही डोळे मिटून बसे. गाव रस्त्यानं जाता-येता पाहे.

पहिले शांतीबाई बोलली. आमच्या बाजूची. मोठेबाबाले म्हणे, "भासरे, सांभाळा. माह्या माहेरी एक असाच बसाचा. एक दिवस अमरकंटकले गेला, तो गेलाच. लेकरं रडत राहिली." मोठेबाबा त्या दिवशी जेवले नाहीत. सायंकाळी विचारते, "रुक्मा, तू जाशीन का?"

"कुठं?"

"अमरकंटकले."

"गाडीत जागा भेटन तं जाईन," ती म्हणे. "तुमच्या कमरेले तेल शांतीबाई लावन." मंग त्याईचं तोंड पाहून म्हणे, "अवो जेवा ना गुमान. कुठं जात नाही मी."

मंग मले वाटलं, आपणही करून पाहू. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता, त्यात एक माणूस मांडी घालून बसला होता, मागं धबधबा, अन् म्हणे मन एकदम रिकामं करा. मी तशीच मांडी घातली. मन रिकामं करत बसली तं आणखीनच भरलं. मोबाईलचं रिचार्ज, मोठीमायच्या टीनाच्या लग्नात घालाचा ड्रेस, मच्छर, पुन्हा मच्छर. पायाले मुंग्या आल्या. मी उठली अन् म्हटलं, "माह्याच्यानं नाही होत. माहं मन रिकामं नाही होत."

"माहं कधी झालं?" मोठीमाय म्हणे. "मी बसते अन् मन ताराचंदच्या बांधीत जाते, तिथून दवाखान्यात जाते, तिथून भाजीत मीठ टाकलं का नाही तिथं जाते. त्याले पकडून आणाचं. पुन्हा जाते. पुन्हा आणाचं."

"मंग फायदा काय?"

"आणणं शिकलं का फायदा."

मले ते पटलं नाही. पण तिच्या मांडीचं पाहून बरं वाटलं, काऊन का तिची मांडीच होत नाही. गुडघे वाकत नाहीत. ती पाय लोंबकळूनच बसते. सिस्टरनं सांगितलं होतं, खुर्चीवर बसा, पलंगावर बसा, काही फरक पडत नाही.

आता खरी गोष्ट बिघडली ती ताराचंदच्या बकरीनं. ताराचंदकाकाची बांधी सगळ्यात शेवटी, पाटाच्या बुडाशी. गरीब माणूस, भोळा. त्याची बकरी हरवली तं तो नारळ घेऊन पाळीवर आला. मोठीमाय डोळे मिटून बसली होती. तो हात जोडून उभा राहिला. तिनं डोळे उघडले तं म्हणे, "बाई, माही बकरी कुठं दिसते?"

"उमेंद्रच्या तुरीत पाह्य," ती म्हणे.

बकरी उमेंद्रच्या तुरीतच भेटली. गावात कोणाचीही बकरी उमेंद्रच्या तुरीतच जाते, त्याच्या धुऱ्याले कुंपणच नाही. पण ताराचंदकाकानं गावभर सांगितलं का रुक्माबाईले ध्यानात दिसते. मंग काय, कोणाचं पोरगं पोलीसभरतीत लागन का, कोणाच्या सुनेले पोरगा होईन का पोरगी. मोठीमाय सगळ्याईले म्हणे, "मले काय माहीत बाप्पा?" लोक समजत, मोठ्या माणसाईले असं नाही म्हणाचीच सवय असते. नारळ ठेवून जात. मी ते नारळ घरी नेऊन चटणी करी. खोटं कायले बोलू, मले मजा येत होती.

मंग ऑक्टोबर आला. धानाची लोंबी दाण्यावर आली होती अन् त्या वर्षी पाण्यानं लवकर पाठ फिरवली. तलाव खाली बसला. हिशोबानं सोडलं तं सगळ्याईले पाण्याची एक शेवटची पाळी भेटणार होती. ती भेटली तं धान भरणार, नाही तं पोचट. मोठीमाय दिवसभर पाटावर. पण सकाळी जाऊन पाहावं तं तलाव उतरलेला, वरच्या सगळ्या बांध्या ओल्याच, अन् ताराचंदकाकाच्या बांधीत भेगा. रात्री कोणीतरी तुडूम उघडून राहिलं होतं. पुन्हा बंद करून जाई. पाणी मुरलं का पुरावा नाही.

घनश्यामले हेच पायजे होतं. त्याची बांधी तुडुमाच्या तोंडाशीच. त्याच्या घरी मोटर आहे, बुलेट आहे, अन् पाटकरी होण्याची हौस आहे. तो पानठेल्यावर म्हणे, "पाटकरीन दिवसा डोळे मिटून झोपते, मंग रात्री पाणी जाईन नाही तं काय होईन?"

मी तिथंच होती. मी म्हटलं, "झोपते का बसते, तुले काय माहीत? तू कधी सकाळी उठला?"

"उठत नसन मी. पण एवढं दिसते ना तिले, तं चोर काऊन दिसत नाही?"

पानठेल्यावरचे सगळे माह्याकडं पाहाले लागले. मंग ताराचंदकाकाच बोलले, अन् ते तिच्या बाजूनंच बोलले, हाच खरा घोळ. "दिसते तिले. बैठक घ्या. सगळ्याईसमोर नाव सांगन ती."

तिकडून दुर्गाप्रसाद अध्यक्ष बोलले, ते पाणी समितीचे अध्यक्ष. "शनिवारी बैठक ठेवू." घनश्याम हसला. "ठेवा. नाव सांगितलं तं ती पाटकरी राहीन. नाही सांगितलं तं मी पाहतो पाणी."

मी घरी येऊन मोठीमायले सांगितलं. तिनं भाकर थापता थापता ऐकलं. म्हणे, "मले कोणाचं नाव माहीत नाही." मी म्हटलं, "घनश्यामचं घे." तिनं पिठाच्या हातानं माह्या डोस्क्यावर मारलं.

शनिवारच्या आदल्या दिवशी सकाळी मोठीमाय अंगणात बसून गुडाखूनं दात घासून राहिली होती. मी गाडी पुसत होती. दुर्गाप्रसाद अध्यक्ष आले. दुपट्ट्यात सीताफळं बांधून आणली होती. इकडं तिकडं पाहिलं, मले पाहिलं, मी गाडीच्या मागं खाली बसली.

"रुक्मा," ते म्हणे, "तुले तं माहीतच आहे."

मोठीमायच्या तोंडात गुडाखूचा फेस. ती बोलू कशी? ती नुसती त्याईच्याकडं पाहत राहिली.

"असं नको पाहू," ते म्हणे. "चूक झाली. पोराले म्हटलं होतं, थोडंसं फिरव. त्यानं जास्त फिरवलं. मी अध्यक्ष आहो, सगळ्याईसमोर नाव घेतलं तं तोंड दाखवाले जागा नाही राहणार. मी पुन्हा नाही करत. देवाशपथ."

सीताफळं ओट्यावर ठेवली अन् गेले. मोठीमायनं मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत आली अन् मले म्हणे, "हा काय सांगून गेला वो?"

मी हसून हसून गाडीमागंच लोळली.

दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती, तं उमेंद्र आला. थेट पायाच पडला. "मोठीमाय, माहं नाव नको घेजो. माही बायको ऐकन तं माहेरी जाईन. एकाच रात्री केलं मी."

मोठीमाय म्हणे, "काय केलं?"

तो चमकला. "तुले माहीत नाही?"

ती 'नाही' म्हणणारच होती. मी मधात तोंड घातलं. "तिले सगळं दिसते. पण तू आपल्या तोंडानं सांग."

अन् त्यानं सांगितलं. तुडूम कशानं उघडला, कितीक वेळ ठेवला, सगळं. रडलाही थोडा. तो गेल्यावर मी म्हटलं, "पाहिलं? आता उद्या मस्त डोळे मिटून बस, थोडं हल, अन् दोघाईचंही नाव घे. घनश्यामचं तोंड पाहाले मी खुर्ची घेऊन बसते. पाटकरी जिंदगीभर तूच."

तिनं सूप खाली ठेवलं. "खोटं काऊन बोलली तू त्याच्यापाशी?"

"फायद्याचं होतं."

"कोणाच्या फायद्याचं? आज म्हणतात हिले बकरी दिसते, चोर दिसते. उद्या कोणाचं पोरगं बिमार पडलं तं म्हणतीन, हिले माहीत होतं, हिनंच केलं. मंग तू भांडत बसशीन का सगळ्या गावाशी?"

"भांडन."

"भांडशीन तू," ती म्हणे, अन् पुन्हा सूप घेतलं. "पण बाईले दिसते म्हणणारं गाव लवकर फिरते. मले पाटकरी राहाचं आहे. बुवा नाही व्हाचं."

मी म्हटलं, "मंग नाव नाही सांगितलं तं पाटकरी तरी कशी राहशीन?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. तिलेही माहीत नव्हतं.

त्या दिवशी मले गोंदियाले जाणं होतं, बाप राईस मिलमध्ये कामाले आहे, त्याले डबा अन् कपडे द्याचे होते. मी सायंकाळी घरी नव्हती. आली तेव्हा मोठीमाय निजली होती.

शनिवारी समाजभवनात सगळं गाव. बायाही आल्या होत्या, एरवी पाण्याच्या बैठकीले बाया येत नाहीत. मोठेबाबा काठी घेऊन मागं भिंतीले टेकून बसले होते. ताराचंदकाकानं उदबत्ती आणली होती, ती लावून मोठीमायच्या समोर ठेवली. मोठीमायनं ती उचलून त्याच्याच हातात दिली.

"मच्छर आहेत, तुह्याजवळ ठेव," ती म्हणे.

घनश्याम म्हणे, "चाल मोठीमाय, मिट डोळे."

"मिटत नाही. मिटले तं मले काय दिसते ते आज सांगूनच देते. अंधार दिसते. मंग तुही म्हैस दिसते, काऊन का ती रोज पाट तुडवते. मंग बीपीची गोळी घेतली का नाही ते आठवते. मंग गुडघा दुखते. बस. दुसरं काही नाही दिसत."

लोक हसले. ताराचंदकाका नाही हसले. "म्हणजे देव नाही येत अंगात?"

"नाही येत, भाऊ. बलावलाच नाही कधी."

"अन् माही बकरी?"

"बकरी कुठं जाते ते तुले सोडून सगळ्या गावाले माहीत आहे."

पुन्हा हसले. घनश्यामले वाटलं आपलं जमलं. तो म्हणे, "मंग बसते कायले तिथं? कामाच्या वेळात?"

"तू खर्रा घोटत बसते तेव्हा तुले कोणी विचारते का?" ती म्हणे. "मी बसते, काऊन का माहं डोस्कं गरम आहे. बसली नसती तं परवा तुह्या पाठीत फावडं बसलं असतं."

"म्हणजे बसूनही राग जात नाही तुहा."

"जात नाही. येते तेव्हा आता दिसते. पहिले नाही दिसे."

मंग आवाज खाली करून बोलली, तरी सगळ्याईले ऐकू गेलं. "मले चोर ध्यानात नाही दिसले. चोर घरी आले. तुमी सगळ्याईनं मिळून म्हटलं ना का हिले दिसते, तं ते भेऊन माह्याच घरी आले अन् आपल्या तोंडानं सांगून गेले. तीन जण आले."

दुर्गाप्रसाद अध्यक्ष जमिनीकडं पाहत होते. उमेंद्र दाराच्या चौकटीचा रंग खरडत होता. अन् मी विचार करून राहिली होती, तीन कसे? मी तं दोनच पाहिले.

"नावं मी सांगत नाही," ती म्हणे. "ते स्वतःहून आले, म्हणून सांगत नाही. पण पाळी उद्यापासून उलटी चालन. पहिले ताराचंदची बांधी, मंग वर वर येत. तोंडाशी ज्याईच्या बांध्या आहेत, त्याईले सगळ्यात शेवटी. राहिलं तं भेटन. कोणाले म्हणाचं आहे काही?"

घनश्यामले म्हणाचं होतं, काऊन का सगळ्यात जास्त त्याचंच जात होतं. त्यानं अध्यक्षाकडं पाहिलं. अध्यक्ष म्हणे, "बरोबर आहे. बाईनं सांगितलं ते बरोबर आहे." एवढ्या लवकर अध्यक्ष कधीच कोणत्या गोष्टीले बरोबर म्हणत नाहीत. उमेंद्रनं हात वर केला. मागून आणखी हात वर झाले. घनश्याम एकटा पडला तं म्हणे, "ठीक आहे, पण रात्री पाटावर मी बसतो. मले विश्वास नाही कोणावर."

"बस ना," मोठीमाय म्हणे. "डोळे उघडे ठेवून बसजो."

अन् खरंच बसला तो. स्वेटर घालून, टॉर्च घेऊन, रोज. त्याच्यामुळं पुन्हा कोणी तुडुमाले हात लावला नाही. त्याले श्रेय द्याले मले जड जाते, पण लावला नाही.

ताराचंदकाकाच्या बांधीत पाणी पोचलं तेव्हा मोठीमाय तिथंच धुऱ्यावर उभी होती. भेगाईत पाणी शिरताना बुडबुडे येतात, ते पाहत. काका म्हणे, "बाई, तू काही म्हण, तुह्यात काहीतरी आहे." ती म्हणे, "बीपी आहे." पण तिचं तोंड मी पाहिलं. असं तोंड मी तिचं टीनाच्या लग्नातही पाहिलं नाही, अन् टीना तिची एकुलती एक पोरगी.

धान झालं. सगळ्याईचं सारखं नाही, पण झालं. त्यानंतरच्या बैठकीत पाटकरीचा विषय निघाला तं कोणी 'पुढं पाहू' म्हणालं नाही. तिचंच नाव लिहिलं. नारळ बंद झाले. आता पाळीवर दोघी-तिघी बाया तिच्यासोबत बसतात, शांतीबाईही बसते. अर्ध्या वेळात तिले झोप लागते अन् ती घोरते, बाकीच्या हसतात. मोठीमाय म्हणते, झोपू द्या, तिले झोपच पायजे होती. बीपी कमी झालं, गोळी आहेच. शिव्या आहेतच. मी अजून बसून पाहते कधी कधी. मच्छर जिंकतात.

तो तिसरा कोण, हे मी तिले कितीकदा विचारलं. ती म्हणे, "तुले काय कराचं?" मी समजत होती घनश्यामच असन, अन् तसं मी दोन-चार जणाईले बोललीही. त्या शेवटच्या पाळीत मोठीमायच्या आपल्या बांधीत पाणी आलंच नाही, ते मले दिसलं होतं. मले वाटलं तलाव सरला असन.

गेल्या उन्हाळ्यात मोठेबाबाच्या कमरेले मी तेल लावून राहिली होती. घनश्यामचा विषय निघाला, अन् मी म्हटलं, तिसरा तोच चोर. मोठेबाबा पालथे पडूनच म्हणे, "त्याले नको बोलू. तिसरा मी होतो."

त्याईनंच सांगितलं. आपलंच धान पोचट झालं तं लोक म्हणतीन, बाईले घरची बांधीही सांभाळता येत नाही, या भेवानं ते काठी टेकत टेकत तुडुमावर गेले होते. मी गोंदियाले गेली त्याच सायंकाळी त्याईनं तिच्यासमोर कबूल केलं, अन् म्हणूनच तिनं शेवटच्या पाळीत आपल्या बांधीले पाणी दिलं नव्हतं. मी विचारलं, कोणाले माहीत नव्हतं, तं सांगितलं कायले? तं ते म्हणे, "उद्या बैठकीत डोळे मिटले का तिले मी दिसलोच असतो ना."